झेंडा उतरवणारे मामा

"सर, ह्यो उलटा हाये."

माझा मोबाइल मामांनी आधी हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला, मग पुन्हा लांब धरला आणि निकाल दिला. पंधरा ऑगस्टची सकाळ होती. झेंडावंदन आटोपलं होतं, पोरं जिलेबीचे कागद चाटत घरी गेली होती आणि आम्ही शिक्षक मंडळी स्टाफरूममध्ये चहाची वाट पाहत बसलो होतो. पहाटे उठून मी शाळेच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. परदेशातला कुठलासा आभाळाला टेकलेला टॉवर, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत तीन रंगांच्या उजेडात न्हालेला. खाली माझ्या पदरच्या दोन ओळी : 'जगाच्या आकाशात आपला तिरंगा! ऊर भरून आला!' असले फोटो तुम्हालाही येत असतील. तुम्हीही पुढं पाठवले असतील. नाही म्हणू नका.

"उलटा कसा?" मी म्हणालो.

"हिरवा वर हाये. केशरी खाली. आन् चक्र कुठं हाये?"

"फोटो उलटा आला असेल, मामा."

"फोटो उलटा असंल त टावराचं टोक खाली पायजे हुतं."

विज्ञानाच्या सरांनी मोबाइल घेतला, पाच मिनिटं खुडबुड केली आणि सांगितलं, की हा टॉवर आपल्यासाठी लागलेलाच नाही. आयर्लंड नावाच्या देशाचा राष्ट्रीय दिवस असतो, त्यांच्यासाठी लागलेला. त्यांचेही रंग तेच, फक्त क्रम वेगळा. तोवर ग्रुपवर चाळीसेक जणांच्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी तीनदा हात जोडले होते. मी घाईघाईनं फोटो काढून टाकला, तर तिथं 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी पाटी उरली. ज्यांनी पाहिला नव्हता, तेही विचारायला लागले, सर काय होतं?

सगळे माझ्यावर पोटभर हसले. मामा हसले नाहीत. फोटोत अडकले होते.

"त्येंच्या दिवशी त्येंचा बराबरच असंल," ते म्हणाले. "पर येक सांगा सर. ह्यो मंग उतरवला कोनी?"

"काय उतरवला?"

"ह्यो, टावरावरचा."

"अहो, लाइट आहे ती. बटण बंद केलं की संपलं."

मामांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "म्हंजी उतरवला न्हाई," ते म्हणाले. "इझवला."

मामा आमच्या शाळेचे शिपाई. जाफ्राबाद तालुक्यात, टेंभुर्णीच्या रस्त्यावर आमचं गाव. गावात माझी शाळेतली नोकरी बावीस वर्षांची, त्यांची एकतीस. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पोरं मामा म्हणायची, आम्ही मामा म्हणायचो. एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी हजेरीपत्रकातलं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळे एकमेकांकडं पाहायला लागलो, हा कोण म्हणून.

घंटा देणं, खोल्या झाडणं, टपाल नेणं हे सगळं ते करायचेच. पण त्यांचं खरं काम वर्षातले चार दिवस. इतर महाराष्ट्राला तीन माहीत आहेत : सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट. चौथा सतरा सप्टेंबर आमचा मराठवाड्याचा. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्याकडं स्वातंत्र्य यायला आणखी तेरा महिने लागले. आमच्याकडं सगळ्याच गोष्टी उशिरा येतात, त्यात हीसुद्धा.

तर या चार दिवसांसाठी मामांचं काम आदल्या दिवशी दुपारपासून सुरू व्हायचं. झेंड्याची दोरी पाण्यात भिजवून ते मैदानातल्या दोन कडुलिंबांच्या मध्ये ताणून बांधायचे, म्हणजे तिचा पीळ निघून जातो. झेंडूच्या पाकळ्या खुडून, पेपरावर पसरून पंख्याखाली सुकवायच्या. गुलाब नाही. "गुलाब वला ऱ्हातो, सर. कापडाला चिटकतो. मंग झेंडा खुलतो आन् फुलं वरच बसतेत, पाव्हन्यावानी." मग पायाच्या अंगठ्यात दोरी धरून गाठ मारायची. ती गाठ अशी, की वारा तिला सोडवू शकत नाही आणि हात लागला की एका झटक्यात सुटते. एकतीस वर्षांत ती एकदाही अडकली नाही. आमदार आले, सभापती आले, निवृत्त फौजदार आले. सगळ्यांनी ओढली, सगळ्यांची सुटली, आणि आपल्याच हाताला काहीतरी गुण आहे असा चेहरा करून सगळे खाली उतरले.

पण मामांचा खरा वेळ संध्याकाळचा. सकाळी झेंड्याला सगळं गाव असतं. संध्याकाळी कोणी नसतं. सूर्य खाली आला की मामा हातपाय धुवायचे, चपला पायरीपाशी काढायचे आणि झेंडा उतरवायचे. भरभर नाही. विहिरीतून भरली घागर ओढावी तशा सावकाश हातांनी. खाली आला की डाव्या खांद्यावर झेलायचा, मातीला टोक लागू द्यायचं नाही. मग घडी. एकट्यानं घडी नीट होत नाही. दोघं लागतात. माझं घर शाळेला लागून. त्यामुळं त्या वेळी कुंपणापलीकडून हाक यायची, "सर, दुसरं टोक धरा."

मी जायचो. खरं सांगायचं तर कधीकधी कुरकुरत जायचो. चहा निवायचा. एकदा म्हणालोसुद्धा, "मामा, चढवायला एवढे जण, उतरवायला आपण दोघंच."

"चढवायला समदेच असतेत," मामा घडीवरून हात फिरवत म्हणाले. "उतरवनार कोन, ते आधी ठरवा मनावं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. स्नेहसंमेलनाचा मंडप असो, निवडणुकीचं पोस्टर असो, गणपतीचा देखावा असो. कुणी काही उभं करायला निघालं, की मामा झाडू टेकवून विचारायचे, "उतरवनार कोन?" लोकांना राग यायचा. मला गंमत वाटायची. त्यामागं काय आहे, ते मला फार उशिरा कळलं. तेही घडी घालतानाच.

मामांचे वडील मेंढ्या राखायचे. आमच्या तालुक्याची हद्द वऱ्हाडाला लागून. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांकडं, आम्ही निजामाकडं. मेंढ्यांना हद्द कळत नाही, त्यामुळं मेंढपाळाला फारसं कोणी अडवत नव्हतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा म्हातारा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्या पावसाळ्यात पलीकडच्या कुणीतरी त्याच्या घोंगडीत एक झेंडा गुंडाळून दिला. इकडं झेंडा दिसला की पोलीस उचलून न्यायचे. म्हाताऱ्यानं आणि त्याच्या एका सोबत्यानं पहाटे माळावरच्या बाभळीला तो बांधला. दिवसभर दोघं मेंढ्या चारत लांबून बघत राहिले.

"आन् दिस बुडायच्या आत बापानं उतरवला," मामा म्हणाले. "सोबती मनला, ऱ्हाऊ दे, रातीचं कोन बघतं? बाप मनला, न्हाई. चढवला त उतरवून घरी नेऊ. तसाच सोडून जानार आसन, त चढवायचाच कशाला? रात झाली आन् पोलीस आले बाभळीखाली. कुनीतरी सांगितल्तं. पर काय घावनार? झेंडा मेंढरांच्या वाड्यात, लेंड्यांखाली." मग हसून म्हणाले, "तेरा महिने थितंच हुता."

याचा कुठं कागद नाही. कागद नाही म्हणून म्हाताऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीच एकदा जरा जोरात हळहळलो, तर म्हणाले, "सर, टोक सोडू नका."

असो. मी आयर्लंडवर होतो.

त्या फोटोवरून आठवडाभर स्टाफरूममध्ये वाद चालला. विज्ञानाचे सर म्हणायचे, दुसऱ्या देशांनी आपल्या सणाला त्यांच्या इमारती उजळाव्यात, यात वाईट काय? मैत्रीची खूण आहे. मीही हो म्हणायचो, फोटो मीच टाकला होता ना. मामा फळा पुसायचं फडकं झटकत दारात थांबले.

"मैत्री बराबर हाये, सर. पर त्येंच्या दिवशी आपन काय लावतो?"

"आपल्याकडंही लावतात की, दिल्ली-मुंबईला."

"आन् सतरा सप्टेंबरला कुठला टावर लागतो?"

"मामा, सतरा सप्टेंबर जगाला कुठं माहीत आहे?"

"जगाचं ऱ्हाऊ द्या. पुन्या-मुंबईला हाये का?"

मामा फडकं घेऊन निघून गेले. पण हा वाद कुणीतरी अध्यक्षसाहेबांच्या कानावर घातला असावा, कारण दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सर, तुमचा तो टॉवर बघितला. झोप लागली नाही मला. आपल्या गावात सगळ्यात उंच काय?"

"पाण्याची टाकी, साहेब."

"मंग झालं तर. सतरा सप्टेंबरला टाकीला तिरंगा. सगळ्या तालुक्यात पहिला आपला. सूत्रसंचालन तुमचं."

तो टॉवर आयर्लंडचा होता, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही. तुम्हाला झाली असती का? टाकीत आठवड्यातून एकदा पाणी चढतं, हेही मी बोललो नाही. सूत्रसंचालन म्हटलं, की माझं असं होतं. माईक दिसला की मी विरघळतो. बारशापासून श्रद्धांजलीपर्यंत गावात कुठंही माईक असला, तर त्यामागं मी असतो.

मामांना हे कळलं तेव्हा ते कडुलिंबाखाली झेंड्याची दोरी तपासत होते. दोरीवरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "सर, येक इचारू?"

"विचारा की."

"तीस तारखीला मी रिटायर. ही सतरा तारीख मही आखरी." दोरीची वळकटी केली. "येकदा मह्या हातानं वढू द्या की दोरी. बापाचा दिस हाये त्यो."

माझ्या बावीस वर्षांत त्यांनी शाळेकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी छातीवर हात ठेवला. "झालं समजा, मामा. मी बोलतो साहेबांशी."

बोललो. अध्यक्षसाहेब गाडीच्या किल्लीनं कान कोरत होते. किल्ली थांबली.

"सर, शिपायानं झेंडा फडकवल्यावर अध्यक्षानं काय झाडू मारायचा?" आणि मग माझा चेहरा बघून, जरा समजुतीनं, "असं करा. मोठा कार्यक्रम तर संध्याकाळचा आहे. पाहुणे येतेत. टाकीचं बटण दाबू द्या त्यांना, पाहुण्यांच्या बाजूला उभं राहून. पेपरात फोटो येईल. त्यांचंही समाधान, आपलंही बराबर."

आणि मी, वाचकहो, जिंकल्यासारखा बाहेर पडलो.

मामांना मी ते बटण कसं विकलं, हे आठवलं की आजही मान खाली जाते. म्हणालो, दोरी काय शाळेपुरती, टाकी दहा गावांना दिसते. म्हणालो, आजवर शिपायाला स्टेजवर खुर्ची कुणी दिली होती?

"बटन," मामा म्हणाले. एवढंच. मग विचारलं, "किती वाजता?"

"साडेपाच."

"मंग हरकत न्हाई. सव्वासाला मला उतरवायचा हाये."

"समजा थोडा उशीर झाला एखाद दिवस, तर काय बिघडतं? आता तर रात्रीही ठेवायला परवानगी आहे म्हणतात."

"ठेवायला परवानगी हाये, सर," मामा म्हणाले. "इसरायला न्हाई."

साडेपाचची वेळ पत्रिकेत मीच छापली होती. सप्टेंबरात साडेपाचला लख्ख ऊन असतं. दिवसाउजेडी रोषणाई कोण लावतं? इतकी साधी गोष्ट मला कळली नाही, की मी स्वतःला कळू दिली नाही, हे आज मलाही सांगता येत नाही.

सतरा तारखेला सकाळी अध्यक्षसाहेबांनी दोरी ओढली. मामा खांबाशी उभे होते. मी माईकवरून स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाबद्दल बोलत होतो आणि मनात म्हणत होतो, आज अडकू दे. एकदाच अडकू दे. एक झटका बसला, झेंडा खुलला, झेंडूच्या पाकळ्या साहेबांच्या टकलावर पडल्या, टाळ्या झाल्या. गाठ मामांची होती. ती कुणाचा राग कुणावर काढणारी नव्हती.

संध्याकाळी टाकीखाली स्टेज होतं. मामा परीटघडीचा सदरा, पांढरी टोपी घालून शेवटच्या खुर्चीवर टेकले होते. टेकले म्हणजे अर्धेच, पोरीच्या सासरी बसावं तसे. पायात नव्या चपला. गाव गोळा झालं होतं. माझी बायको बायकांमध्ये पुढंच बसली होती. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. पाहुण्यांची गाडी भोकरदनहून निघाली, मग फाट्यावर आली, मग अर्धा तास फाट्यावरच राहिली. मी माईकवर किल्ला लढवत होतो. चुटके सांगितले, कविता म्हटल्या, टाकीची उंची दोनदा सांगितली.

मामा घड्याळाकडं बघत नव्हते. मावळतीकडं बघत होते.

"सर," त्यांनी हळूच हाक मारली, "सूर्य टेकला."

मी माईकवर हात ठेवला. "मामा, पाच मिनिटं. फाट्यावर आहेत."

"सर, जाऊन येतो. जल्दी येतो."

"आता उठू नका मामा, बरं दिसत नाही. तुमचाच तर कार्यक्रम आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं आपण पाहतो ना, याला येत होतं आणि तरी चुकला, तसं पाहिलं. मग ते उठले, स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरले, नव्या चपला हातात घेतल्या आणि शाळेकडं चालायला लागले. मी पाहिलं. मी एकट्यानंच पाहिलं, असं मला वाटलं.

आणि नेमकी गाडी आली. हार झाले, पाहुणे बटणापाशी गेले, फोटोवाला गुडघ्यावर बसला. मी पल्लेदार आवाजात पुकारलं, की एकतीस वर्षं या शाळेची सेवा करणारे आमचे मामा यांनी पाहुण्यांसोबत पुढं यावं. खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारलं. लोक माना वळवायला लागले. अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडं डोळे वटारले. ते कुठं गेलेत, कशासाठी गेलेत, मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं : मामा झेंडा उतरवायला गेलेत, आपण दोन मिनिटं थांबू. आख्खं गाव थांबलं असतं. कदाचित उभंही राहिलं असतं.

मी म्हणालो, "आमच्या मामांचं हे असं! उजेड पाडायची वेळ आली, की ह्यांची बत्ती गुल!"

हशा पिकला. असा पिकला, की अध्यक्षसाहेबही हसले, पाहुणेही हसले. सूत्रसंचालकाला असा हशा वर्षातून एकदा मिळतो. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि टाकी पेटली. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. क्रम बराबर होता. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. शेकडो मोबाइल वर झाले. त्या उजेडात माझ्या गावातली माणसं देखणी दिसत होती आणि दोन मिनिटं मीही सगळं विसरलो.

घरी आलो तेव्हा अजून त्या हशाची ऊब अंगात होती. बायको आधीच येऊन भाकरी टाकत होती.

"लवकर आलीस? टाकी बघितली का नाही?"

"लांबून बघितली. शाळेच्या मैदानातून."

"तिथं कशाला गेल्तीस?"

"मामा जाताना दिसले मला. म्हटलं, दुसरं टोक कोण धरणार? तुम्ही तर माईकवर." तिनं भाकरी उलटली. "मी धरलं. म्हणाले, 'सर आज कामात हायेत, वहिनी, नीट धरा.' बाजूनंच बोलत होते ते."

"कुणाच्या?"

"तुमच्या. तुमच्या बाजूनं." ती तव्याकडंच बघत होती. "एक भोंगा शाळेकडं तोंड करून बांधलाय. सगळं स्वच्छ ऐकू येतं तिथं."

मी विचारलं नाही, काय काय ऐकू आलं. तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं. माफीचं भाषण मनात तयार होतं, सुरुवात, मध्य, शेवट. ते पाण्याचा माठ धूत होते. मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मजाक बराबर हुती, सर. लोक लई हासले." आणि माठ उपडा घातला. इतकी नीट लावलेली कडी मी आजवर पाहिली नाही. तीस तारखेला निरोपसमारंभ झाला. सूत्रसंचालन माझंच. शाल, नारळ, फोटो. मामा दोन वाक्यं बोलले, समद्यांनी सांभाळून घेतलं, काही चुकलं असंल त पोटात घाला. मग गेले. पुन्हा शाळेत आले नाहीत.

टाकीवरचा तिरंगा मात्र राहिला. ज्यानं लावला, तो पुढच्या गावच्या कामाला निघून गेला. बटण स्टेजवर होतं, ते स्टेजबरोबर गेलं. मागं वायर सरळ जोडून ठेवलेली, ती कुणी काढायची यावर ग्रामपंचायत आणि संस्था एकमेकांकडं बोट दाखवत राहिल्या. टाकी रात्री लागायची, दिवसाही लागलेली असायची, भर उन्हात, फिकट. दिवाळीपर्यंत पट्टे तुटायला लागले. संक्रांतीला एक पट्टा सुटून वाऱ्यावर बडवत होता. पाणी आठवड्यातून एकदाच येत होतं. एकदा त्या टाकीखाली हंडे घेऊन बसलेल्या बाया बघितल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'उतरवणार कोण?' शेजारी कोणी नव्हतं, म्हणून बरं.

मामांची वस्ती आमच्यापासून चार किलोमीटर. मोटारसायकलनं दहा मिनिटं. मी दर रविवारी जायचं ठरवायचो. काय बोलायचं, तेही ठरलेलं असायचं, पुढच्या सतरा सप्टेंबरला दोरी तुमच्याच हातात, अध्यक्षांना मी बघून घेतो. आधी बोलून घेतो म्हणून साहेबांकडं जायचं राहिलं आणि साहेबांकडं जायचं राहिलं म्हणून मामांकडं जायचं राहिलं. वैशाखात दोन दिवस ताप आला आणि मामा गेले. मला कळलं ते ग्रुपवर. श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहिला. चांगला लिहिला. सगळे म्हणाले.

दहाव्याला गेलो तेव्हा मामींनी आतून एक पिशवी आणून दिली. आत शाळेची झेंड्याची दोरी होती. पीळ काढायला म्हणून घरी नेलेली, धुऊन, वळकटी करून ठेवलेली. सव्वीस जानेवारीला आम्ही बाजारातून नवी आणून वेळ भागवली होती.

"शाळेची हाये मनले हुते," मामी म्हणाल्या. "सर आले की देजो. रोज वाट बघायचे. तुमची न्हाई, मंजी, दोरी न्यायला येतेन मनून."

मामींची बोलताना चूक झाली नव्हती. वाट माझीच होती, त्यांनी मला त्यातून सोडवलं होतं.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला गाठ मी मारली. मामांच्या जागेवर आता ठेक्यावरचा माणूस येतो, तो दुपारी बाराला जातो. मी झेंडू सुकवला, दोरी अंगठ्यात धरली, दहा वेळा बांधली, दहा वेळा सोडली. सकाळी अध्यक्षसाहेबांनी ओढली आणि सुटली. एका झटक्यात. पाकळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर ज्याला-त्याला सांगत सुटलो, की मामांची गाठ मला जमली.

संध्याकाळी घरी आरामात बसलो होतो. मोबाइल टुणटुणत होता. परदेशातले टॉवर, पूल, धबधबे, सगळे तिरंग्यात. या वेळी मी शहाणा झालो होतो. एक फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहिला, वर केशरी, खाली हिरवा, मध्ये चक्रसुद्धा. मग पुढं पाठवला. बायको डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आत आली. मी मोबाइल तिच्यापुढं धरला.

"हे बघ. यंदा बराबर आहे. एकही चूक नाही."

तिनं डबा खाली ठेवला, पदरानं कपाळ पुसलं, फोटो पाहिला. बाहेर दिवेलागण होऊन गेली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "मी आत्ता शाळेवरून आले. आपला अजून वरच आहे."